बाँडच्या समोर कोण उभं आहे?

ईदच्या दुपारी शीरखुर्म्याची दुसरी वाटी संपली की आमच्याकडे वादाला तोंड फुटतं. यंदा विषय निघाला जेम्स बाँडचा. मामूंचं म्हणणं, शॉन कॉनरीनंतर बाँड झालाच नाही. धाकट्या चुलतभावाला डॅनियल क्रेगशिवाय कुणी चालत नाही. आम्ही मधले, केबलवर पिअर्स ब्रॉस्नन बघत वाढलेले. कुणीतरी रॉजर मूरचं नाव काढलं तर सगळे हसले. तासभर सूट, गाडी, आवाज आणि भुवया यांवर खल झाला. शेवटी इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "पुढचा बाँड रिझ अहमद पाहिजे. आपला माणूस!" टाळ्या पडल्या.

वाट्या न्यायला आलेली मामेबहीण दारात थांबली. "बाईवर हात उचलण्यात काही गैर नाही म्हणणारा तो कॉनरी, तोच ना तुमचा बेस्ट?" तिने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. ती वाट्या घेऊन आत गेली आणि आम्ही पुन्हा क्रेगवर आलो.

त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो, म्हणून आता लिहितो आहे. सर्वोत्तम बाँड कोण, हा वाद मला आवडतो. पण आपण तो ज्या पद्धतीने घालतो त्यात खोट आहे. आपण कायम बंदूक धरणाऱ्याच्या मागे उभे राहून सिनेमा बघतो. बंदुकीच्या समोर कोण आहे, ती भूमिका कुणी केली, कशी केली, हे विचारतच नाही. आणि तिथे बऱ्याचदा आपणच असतो.

आधी चाहत्यांच्या लाडक्या मुद्द्याचं बघू: बाँड म्हणून अमुक एक नट "शोभतो", तमुक शोभत नाही. हा शोभण्याचा निकष दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत आला आहे. कॉनरी हा एडिंबराच्या कामगारवस्तीतला, एकेकाळी घरोघर दूध पोहोचवणारा स्कॉटिश गडी. मूळ कादंबऱ्यांचे लेखक इयन फ्लेमिंग यांना तो सुरुवातीला बाँड म्हणून पसंत नव्हता. 'डॉ. नो' १९६२ मध्ये आला, चालला, आणि त्यानंतरच्या कादंबरीत फ्लेमिंगनीच बाँडला स्कॉटिश बाप देऊन टाकला. पुढे १९६९ मध्ये जॉर्ज लेझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल आला, एका सिनेमापुरता. टिमथी डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, ब्रॉस्नन आयरिश. २००५ मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून चाहत्यांनी बहिष्काराची भाषा केली होती. पुढच्या वर्षी 'कसिनो रोयाल' आला आणि आज निम्मी दुनिया त्यालाच पहिला नंबर देते.

म्हणजे बाँड "असाच असतो" असं काही नाही. जो टिकतो, तो बाँड. मग सावळ्या रंगाचा नट सुचवला की "पण पात्राच्या मुळाशी प्रामाणिक राहायला हवं" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, की हे मूळ नेमकं कोणत्या सालचं?

आता कॅमेरा जरा फिरवू. 'डॉ. नो'मधला खलनायक अर्धा चिनी, अर्धा जर्मन. तो साकारला जोसेफ वाइझमन या कॅनडात जन्मलेल्या गोऱ्या नटाने, डोळ्यांना मेकअप करून. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये तर खुद्द कॉनरीलाच जपानी माणूस बनवलं. १९८३ चा 'ऑक्टोपसी' आपल्या उदयपूरमध्ये चित्रित झाला. त्यातला खलनायक कमाल खान हा परागंदा अफगाण राजपुत्र, आणि नट लुई जोर्दां, फ्रेंच. आपल्या कबीर बेदींच्या वाट्याला काय आलं? त्या खानाचा पगडीवाला अंगरक्षक. टेनिसपटू विजय अमृतराज त्यात ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा भारतातला माणूस आहे, म्हणजे बाँडचा सहकारी. त्याच्या हातावर जुगारात जिंकलेले पैसे ठेवताना रॉजर मूर विनोद करतो, की आता काही आठवडे तुझ्या करीची सोय झाली. सहकारी म्हणायचं आणि वागवायचं वेटरसारखं. मूरच्या नावावर आम्ही ईदला हसलो ते त्याच्या वयावरून. या विनोदाची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

सगळंच असं होतं, असंही मी म्हणणार नाही. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) मधला इस्तंबूलचा करीम बे हा त्या मालिकेतला सगळ्यात जिवंत माणसांपैकी एक. हुशार, रंगेल, दोस्तीला पक्का. भूमिका केली मेक्सिकोच्या पेद्रो आर्मेंदारिस यांनी, आणि ती अप्रतिम आहे. पण करीम बे आगगाडीत मरतो. बाँडचा दोस्त असणं हे या सिनेमांत फार दिवस जगण्याचं काम नव्हे.

माझ्या दृष्टीने या सगळ्या मालिकेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९८७ ची आहे. 'द लिव्हिंग डेलाइट्स', डाल्टनचा पहिला बाँड. यात बाँड अफगाणिस्तानात पोहोचतो. तिथे त्याला कामरान शाह भेटतो. ऑक्सफर्डला शिकलेला, घोड्यावरून लढणारा, सोव्हिएत फौजेविरुद्धचा मुजाहिदीन कमांडर. देखणा, मिश्किल, शब्दाचा पक्का. भूमिका केली बहावलपूरमध्ये जन्मलेल्या आर्ट मलिक यांनी. सिनेमाच्या शेवटी कामरान शाह आणि त्याचे साथीदार नायिकेच्या संगीत कार्यक्रमाला उशिरा पोहोचतात. हातात बंदुका, अंगावर काडतुसांचे पट्टे. उशीर का झाला, तर म्हणे विमानतळावर जरा अडचण आली. त्या काळी हा निव्वळ विनोद होता. आज आपल्यापैकी कुणी हा प्रसंग बघितला तर हसेल, पण जरा थांबून हसेल.

फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परतल्या. १९९४ मध्ये 'ट्रू लाइज' आला. तोही गुप्तहेराचाच सिनेमा, फक्त बाँडऐवजी अर्नोल्ड श्वार्झनेगर. त्यातला अणुबाँबची धमकी देणारा, किंचाळणारा, हास्यास्पद दहशतवादी सलीम अबू अझीझ कोण? तेच आर्ट मलिक. सात वर्षांत नट बदलला नाही, चेहरा बदलला नाही. शत्रू बदलला होता. सोव्हिएत संघाविरुद्ध जो चेहरा उपयोगी होता, तोच नवा शत्रू म्हणून उपयोगी पडला.

मामू, क्रेग श्रेष्ठ की कॉनरी, याने या गणितात काय फरक पडतो सांगा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, सिनेमा आहे. एवढं काय मनावर घ्यायचं?" ठीक. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅननबर्ग केंद्राने २०२१ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे २०१७ ते २०१९ मध्ये चाललेले २०० लोकप्रिय सिनेमे त्यांनी तपासले. संवाद असलेली पात्रं ८,९६५. त्यातली मुस्लिम किती? १.६ टक्के. २०० पैकी १८१ सिनेमांत बोलणारं एकही मुस्लिम पात्र नाही. जगातला जवळपास दर चौथा माणूस मुस्लिम असताना. ज्या प्रेक्षकाला आयुष्यात मुस्लिम शेजारी भेटलेला नाही, त्याला आपण एवढेच दिसतो, आणि दिसतो ते बहुतेकदा बंदुकीच्या टोकाला.

हे सात समुद्रापलीकडचं नाही. एकदा आमच्या ऑफिसमध्ये जेवताना हाच वाद रंगला होता. मी बोलायला तोंड उघडलं तर एक सहकारी हसत म्हणाला, "तुला रे कशाला बाँड? तू समोरच्या पार्टीत." सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते लक्षात राहिलं. इतक्या सहजपणे ते त्याच्या तोंडी आलं, कारण इतकी वर्षं ते त्याला पडद्यावर दिसत आलं होतं.

मग भाच्याचं बरोबर नाही का? रिझ अहमदला बाँड करा, प्रश्न मिटला! माफ कर बेटा, मिटत नाही. आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय. 'एक था टायगर' २०१२ मध्ये आला, 'पठाण' २०२३ मध्ये. देशाचे सर्वांत लाडके गुप्तहेर सलमान आणि शाहरुख. मीही थिएटरात शिट्ट्या मारल्या. पण 'पठाण' सुपरहिट झाला म्हणून आपल्या पोरांना सोसायटीत भाड्याने घर मिळणं सोपं झालं का? खुर्चीत आपलं नाव बसलं की आपण खूश होतो. निवडणुकीतही आपण हेच करतो. तिकीट मिळालेल्या आडनावावर आनंद मानतो आणि जाहीरनामा वाचायचा राहून जातो.

बाँडची खुर्ची तर मुळात सरकारच्या हुकमावर माणसं मारण्याच्या परवान्याची खुर्ची आहे. तिथे आपला माणूस बसवून घेण्याआधी तो कुणाला मारणार, हे विचारायला नको?

ते विचारणारा एक नट याच मालिकेत होऊन गेला. रामी मालेक. 'नो टाइम टु डाय' (२०२१) चा खलनायक. आईवडील इजिप्तमधून अमेरिकेत आलेले कॉप्टिक ख्रिस्ती, म्हणजे तो मुस्लिमसुद्धा नाही. पण भूमिका घेण्याआधी त्याने दिग्दर्शकाला स्पष्ट सांगितलं होतं, की या पात्राची दहशत कुठल्याही धर्माशी जोडलेली असेल तर मी हे काम करणार नाही. त्याने तसं मुलाखतीतही सांगितलं. बाँडचा सिनेमा हातात असताना अट घालायला हिंमत लागते. त्याची अट मानली गेली. आर्ट मलिक यांच्या काळात अशी अट घालणाऱ्या नटाला बहुधा दुसऱ्या दिवशी फोन आलाच नसता. मधल्या काळात जे बदललं ते आपोआप बदललेलं नाही. लोकांनी लिहिलं, बोललं, भूमिका नाकारल्या, म्हणून बदललं.

आणि रिझ अहमद? विमानतळांवरच्या झडत्या आणि ऑडिशनमधल्या दहशतवाद्यांच्या भूमिका यांवर त्यानेच २०१६ मध्ये एक खरमरीत लेख लिहिला. २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं ते 'द लाँग गुडबाय' या लघुपटासाठी. त्यात तो नट तर आहेच, सहलेखकही आहे. भाच्या, त्याला बाँड करण्यापेक्षा त्याची ही पेन धरण्याची सवय घे.

आता मामेबहिणीकडे येतो, कारण इथवर मी जे लिहिलं त्यावर आपली सगळी मुलं मान डोलावतील. पुढच्यावर डोलावतील की नाही, शंका आहे.

कॉनरीने १९६५ च्या एका मुलाखतीत म्हटलं होतं की स्त्रीला मारण्यात विशेष गैर काही नाही. १९८७ मध्ये टीव्हीवर त्याला त्याबद्दल विचारलं, तेव्हाही तो त्यावर ठाम होता. 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये गोठ्यातल्या प्रसंगात नायिका विरोध करत असताना बाँड तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि त्यानंतर ती त्याच्या बाजूची होते! 'थंडरबॉल'मध्ये तो एका नर्सला नोकरीची भीती घालून तेच करतो. कमाल खानचा फ्रेंच नट आपल्याला खुपतो, करीचा विनोद दाखवून दिला की खुपतो. मग हे कसं खुपलं नाही? तिथे मात्र आपण म्हणतो, "जुना जमाना होता", "सिनेमा आहे". नेमकी तीच वाक्यं, जी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की आपल्याला राग येतो.

मित्रहो, इज्जत मागायची तर ती सगळ्यांसाठी मागावी लागते. पडद्यावर माझी बदनामी नको, पण बाईची चालेल, असं म्हणणाऱ्याचं गाऱ्हाणं कुणी का ऐकावं? घराच्या, मोहल्ल्याच्या, जमातीच्या बैठकीत बाईने प्रश्न विचारला की आपण जसे गप्प बसतो, तसेच आम्ही त्या ईदला गप्प बसलो.

तरीही माझं मत विचाराल तर देतो, वादातून पळ काढत नाही. बाँड म्हणून मला डाल्टन आवडतो. दोनच सिनेमे, पण माणूस मारण्याचं ओझं चेहऱ्यावर दिसणारा तो पहिला बाँड. आणि या मालिकेतला सर्वोत्तम नट म्हणाल, तर आर्ट मलिक. १९८७ चा त्यांचा कामरान शाह बघा, मग 'ट्रू लाइज' बघा, आणि एकाच माणसाला जगाने किती लवकर दुसऱ्या बाजूला उभं केलं ते मोजा.

पुढच्या ईदला हा वाद पुन्हा घालू, मामू. कॉनरीची बाजू तुम्ही मांडा. फक्त एक करू या. वाट्या आपण उचलू, आणि तिला बसायला जागा देऊ.