सातबाऱ्यावर बहिणीचं नाव कुठाय?

बाप गेल्यावर जमीन नावावर करायची तर कोर्टकचेरी, वकील आणि पैसा लागतो, ही भीती भोर-वेल्ह्याच्या आपल्या वस्त्यांत घट्ट बसली आहे. ती खोटी आहे. १९२५ च्या वारसा कायद्यातली प्रोबेटची सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती. गावात केलेल्या, गावच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. मृत्युपत्र नसेल तर आणखी सोपं: मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो.

तरी उताऱ्यावर आजोबाच का? नाहीतर थोरला चुलता, 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून?

या तालुक्यांनी भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणं पाहिली. आता फार्महाऊसवाले दारात आहेत. भूसंपादनाची नोटीस आणि दलाल, दोघेही आधी उताऱ्यावरचं नाव पाहतात. बाबासाहेब महारवतनाच्या गुलामीविरुद्ध लढले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं संपली, कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्यांना जमीन परत मिळाली. ती विकायला परवानगी लागते, वारस लावायला नाही.

पण आम्हाला खरा प्रश्न आपल्याच घराला विचारायचा आहे. वारसांच्या यादीतून बहीण का गळते? गळली नाही तर तिला साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही का घेतली जाते? 'तिनेच खुशीने सोडलं' म्हणे! भावाने कधी खुशीने सोडलंय?

हिंदू वारसा कायदा १९५६ बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या वाट्यात आई, बायको, मुलगे, मुली सारख्याच हिश्शाचे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच हिस्सेदार झाली. त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. नोंदीत नाव राहिलं म्हणून बहिणीचा हक्क मरत नाही.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यात हिंदू कोड बिल रखडवल्याचं मोठं कारण होतं. त्या बिलात मुलीचा वाटा होता. ज्या हक्कासाठी त्यांनी खुर्ची सोडली, तो आपण साडीवर सोडवून घेतो आणि चौदा एप्रिलला मिरवणूक काढतो!

तरुणांनो, जयंतीची वर्गणी गोळा करताना प्रत्येक घरचा सातबारा वाचा. मेलेल्यांची नावं कमी करा, सगळ्या वारसांची चढवा. सुरुवात स्वतःच्या बहिणीपासून करा.

जय भीम!