बिऱ्हाड कोठे थाटावे?

जून-जुलैच्या सुमारास बारावीचे, पदवीचे निकाल हाती पडतात आणि धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांतून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. कळंब, वाशी, भूम, परंड्याचा तरुण एक पत्र्याची पेटी, एक गादीची वळकटी आणि कोणा गाववाल्याचा दूरध्वनी क्रमांक घेऊन सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करतो. नोकरी भोसरीत की चाकणला, हिंजवडीत की रांजणगावला, हे त्याला ठाऊक असते. निजायचे कोठे, हे मात्र हडपसरला उतरल्यावर ठरते. नोकरी मिळवण्यासाठी चार वर्षे खर्च करणारा हा तरुण राहण्याची जागा चार तासांत निवडतो, आणि पुढची कित्येक वर्षे त्या निवडीची किंमत मोजत राहतो.

या स्थलांतराला कारणांची उणीव नाही. १९७२चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ती टंचाई, आणि सप्टेंबर २०२५मध्ये परंडा-भूम भागातील उभी पिके व माती वाहून नेणारी अतिवृष्टी. प्रत्येक संकटानंतर गावातील काही घरांना कुलपे लागली. नीती आयोगाने २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचे नाव घातले, त्यालाही आता बराच काळ लोटला. गाव सोडू नये, असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या शेतात पाणी नाही किंवा पाण्यामुळे शेतच उरले नाही, त्याला हा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला पोचतो? जाणारा जाणारच आहे. तो कोठे आणि कसा राहील, एवढाच प्रश्न समाजाच्या हाती उरतो.

कोकणी माणूस मुंबईला गेला तेव्हा त्याने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले होते. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस गडी पाळीप्रमाणे निजत. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, महिन्याची वर्गणी आणि जेवणासाठी जवळची खाणावळ. त्या खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे संघटन करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे सर्वज्ञात आहे. खोली अडचणीची होती, पण नवखा मुलगा मुंबई बंदरावर उतरला की त्याला कोठे जायचे ते माहीत असे. मराठवाड्याला हे भाग्य लाभले नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. त्याचे कज्जे, शिक्षण, नोकरी यांची वाट हैदराबादकडे जात होती. उमरगा-नळदुर्गच्या जुन्या पिढीला पुण्यापेक्षा हैदराबादचे मोहल्ले अधिक परिचयाचे होते. पुण्याशी व्यवहार जुळला तो पुढे, आणि तोही विखुरलेला. विद्यार्थ्यांसाठी काही चांगली कामे निश्चित झाली. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना पुण्यात आसरा दिला. शंकरराव चव्हाणांच्या पुढाकाराने १९६७मध्ये मराठवाडा मित्र मंडळ उभे राहिले. पण पदवी मिळाली की वसतिगृहाचे दार बंद होते, आणि ज्याने पदवी घेतलीच नाही, आयटीआय करून थेट कारखान्यात गेला, त्याच्यासाठी ते दार उघडलेलेच नसते.

असा तरुण पहिली चूक करतो ती भाड्याच्या आकड्याकडे पाहून. समजा, पगार अठरा हजार आहे. कारखान्यापासून वीस किलोमीटरवर पाच हजारांत खोली मिळते, जवळ साडेसात हजारांत. अडीच हजार वाचले, असे त्याला वाटते. रोज चाळीस किलोमीटर दुचाकी, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे हजारावर किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देत असली तरी एकवीस लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल शंभरीपार. वाचलेल्या अडीच हजारांतले एकवीसशेच्या वर तेथेच गेले. शिवाय दिवसाचे दोन तास गेले, आणि रात्रपाळी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी महामार्गावर गाडी चालवण्याचा धोका पदरात पडला तो निराळाच. त्या धोक्याची किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेली नसते.

दुसरे अज्ञान पाण्याचे आहे. दुष्काळी मुलखातील माणसाला पुराची भीती ठाऊक नसते; नदीकाठची मोकळी, हवेशीर खोली त्याला आवडते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत घातलेला धुमाकूळ, आणि २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी, या घटना पुणेकर विसरले नसतील. परगावाहून येणाऱ्याला त्या कोण सांगणार? त्याच २०२४च्या पहाटे पुलाची वाडी येथे हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण दगावले. पाटबंधारे खात्याने नद्यांच्या काठाने निळी व लाल पूररेषा आखलेली असते; पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतील खोली स्वस्त असते ती याच कारणाने. शेजारच्या किराणा दुकानदाराला ‘२०१९मध्ये आणि २०२४मध्ये पाणी कुठवर आले होते?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे. तो भिंतीवरची खूण दाखवील.

पिण्याच्या पाण्याचेही तसेच. पुणे महापालिकेत २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावे समाविष्ट झाली. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, जलवाहिन्या टाकायला वर्षे लागतात. मधल्या काळात ही गावे टँकरवर आणि विहिरींवर जगतात, आणि स्वस्त खोल्या नेमक्या तेथेच असतात. जानेवारी २०२५मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, आणि ‘आपल्या नळाला येणारे पाणी कोठून येते?’ हा प्रश्न लोकांना पहिल्यांदाच पडला. तो खोली घेण्यापूर्वी पडायला हवा.

तिसरी गोष्ट दाराची. गुंठ्यांच्या भूखंडांवर चार-पाच मजले चढवायचे, प्रत्येक मजल्यावर सहा खोल्या पाडायच्या आणि जिना मात्र एकच, तोही अडीच फुटांचा, अशी बांधकामे उद्योगनगरीच्या परिसरात सर्रास दिसतात. भोगवटा प्रमाणपत्राचे नाव काढले तर मालक हसतो. खाली दुकान आणि दुकानातच पोटमाळा करून निजणारे कुटुंब, हे चित्रही नवे नाही. ३० ऑगस्ट २०२३च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात अशाच एका दुकानाला आग लागली आणि पोटमाळ्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचा अंत झाला. ज्या जागेतून बाहेर पडण्यास एक शटर सोडून दुसरी वाट नाही, ती जागा फुकट मिळाली तरी महाग आहे.

कागदाचा विषय निघाला की आपल्याकडील माणूस संकोचतो. ‘गाववाल्याने ओळख काढून दिली आहे, कागद कशाला मागायचा?’ हा भिडस्तपणा खेड्यात शोभतो. शहरात तो अंगाशी येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २०००पासून लागू झाला, त्याचे ५५वे कलम सांगते की भाडेकरार वा अनुज्ञप्ती करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तंटा झाल्यास अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत १९०८च्या नोंदणी कायद्याच्या काळातली आहे. महाराष्ट्रात ती केव्हाच निरर्थक ठरली. मुद्रांकावर मारलेला नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि खर्च तरी किती? सात हजार भाडे आणि तीस हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क जेमतेम दोनशे रुपये होते, शहरी भागातील नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन नोंदणीची सोयही झाली आहे. अर्थात हे हक्कांचे दान एकतर्फी नाही. मुदत संपल्यावर अनुज्ञप्तीधारकाने जागा सोडली नाही तर चोविसाव्या कलमानुसार त्याला दुप्पट रक्कम मोजावी लागते, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. मालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचा आग्रह धरला तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. उलट तशी माहिती न देणाऱ्या मालकापासूनच सावध असावे.

अनामत रकमेची कथा मोठी करुण आहे. केंद्राने जून २०२१मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण घरभाडे हा राज्यांचा विषय, आणि महाराष्ट्रात व्यवहार १९९९च्याच कायद्यावर चालतो. घर सोडताना ‘रंगरंगोटी’च्या नावाखाली तिचा निम्मा हिस्सा गिळला जातो. गावी आईने मोडलेली बोरमाळ त्या रकमेत असते, हे मालकाला माहीत नसते. खोलीचा ताबा घेताना भिंतींची, नळांची, फरशीची छायाचित्रे काढून मालकाला पाठवून ठेवावीत. त्याला पैसे पडत नाहीत.

एवढे सगळे पाहून, पारखून, पैसे जुळवूनही एक अडसर उरतो, आणि तो सर्वांत लज्जास्पद आहे. मालक नाव विचारतो. नाव सांगितले की पूर्ण नाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर ‘मूळचे कुठले?’, ‘तुमच्यात लग्न कसे लागते?’ अशी वळणे घेतो. मग खोली ‘कालच गेली’ असते. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंड येथे एका मराठी महिलेला मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. ते योग्यच झाले. पण मराठी मालकाने मराठी भाडेकरूला, हिंदूने हिंदूला आडनाव पाहून परत पाठवले, तर कोण पेटून उठतो? १९१७मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील अध्ययन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. सयाजीरावांसारखा प्रजाहितदक्ष राजा पाठीशी, हाती वरिष्ठ पदाची नेमणूक, आणि राहायला जागा नाही. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात. मित्रांनी अडचण सांगितली. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना सार्वजनिक उद्यानात बसून राहावे लागले. एका भाड्याच्या खोलीअभावी ती नोकरी सुटली. शंभरांवर वर्षे उलटली. काठ्या गेल्या, ‘खोली कालच गेली’ हे वाक्य मागे राहिले. हिंदू समाज एकसंध आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मालकीची सदनिका भाड्याने देताना दलालाला कोणत्या सूचना दिल्या, हे एकदा आठवून पाहावे. समरसतेची कसोटी सहभोजनाच्या पंगतीत फार तर तासभर लागते. अकरा महिन्यांच्या करारात ती रोज लागते.

मुलींचा प्रश्न स्वतंत्र आहे. बँकेत, रुग्णालयात, संगणक कंपनीत नोकरी करणारी उमरग्याची मुलगी रात्री दहाला कंपनीच्या गाडीतून उतरते, तेथून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे भाड्याइतकेच महत्त्वाचे. जागा दिवसा पाहून ठरवू नये; परतण्याच्या वेळी जाऊन पाहावी. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३पासून आहे, आता ती ‘सखी निवास’ या नावाने चालते. औद्योगिक कामगारांसाठी शयनगृह पद्धतीची भाड्याची घरे उभारण्याची घोषणा जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात झाली. टाळेबंदीत खोल्यांना कुलपे लावून पायी गावी निघालेल्या कामगारांना पाहून २०२०मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरकुलांची योजना आखली गेली होती. योजना आहेत, त्या चाकण-भोसरीत किती उभ्या राहिल्या, हा प्रश्न धाराशिवच्या लोकप्रतिनिधींनी मुंबईत आणि दिल्लीत विचारायला हवा. मतदार पुण्यात राहत असला तरी मतदानाला तो गावीच येतो, एवढे तरी त्यांना स्मरत असेल.

सरकारची वाट न पाहताही काही करता येईल. आज जवळजवळ प्रत्येक गावाचा पुणेकर मंडळींचा व्हॉट्सॲप गट आहे. तो जत्रेच्या वर्गणीसाठी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी चालतो. तोच गट कोणत्या भागातील कोणती खोली रिकामी आहे, कोणता मालक अनामत परत करतो, कोणत्या गल्लीत पाणी भरते, ही माहिती ठेवू लागला तर गावकीची खोली पुन्हा उभी राहील, निराळ्या रूपात. नवख्याला पहिले पंधरा दिवस कोणी आपल्याकडे ठेवून घेतले, तर घाईने जागा निवडण्याची पाळीच त्याच्यावर येणार नाही. नवरात्रात तुळजापूरला एकत्र येणारी ही माणसे वर्षभर एकमेकांना ओळख देत नाहीत, हे काही खरे नव्हे.

आणि धाराशिव शहरातही बाहेरचे लोक येतच असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विदर्भातून आलेली परिचारिका असते, बँकेत बदलून आलेला परप्रांतीय अधिकारी असतो, लोहारा तालुक्यातून शिकवणीसाठी आलेला मुलगा असतो. पुण्यात आडनावाचा प्रश्न ऐकून दुखावलेल्या मुलाचा बाप इथे स्वतःची माडी भाड्याने देताना तोच प्रश्न विचारतो का, याचा शोध घेण्यासाठी अडीचशे किलोमीटर जावे लागत नाही.