पेरू, पाव आणि पेज

मी महाविद्यालयातून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली, तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बायकोची बदली परदेशी व्हावी आणि नवऱ्याने पिशवी उचलून मागोमाग जावे, ही गोष्ट पुण्यात 2022 सालीही काहींना पचायला जड होती. “मराठीचा प्राध्यापक लिस्बनला जाऊन करणार काय?” असे एकाने विचारलेच. मी म्हणालो, “ज्यांच्याकडून ‘पगार’ हा शब्द आणला, त्यांच्याकडे बिनपगारी जाऊन तो परत करून येतो!”

ही ऐट मी चांगली वर्षभर मिरवली. सौ. सकाळी कचेरीत जाई, आणि मी पिशवी व एक लांबोडकी वही घेऊन बाजारात. त्या वहीत शब्दांची यादी होती. बटाट्याला तिथे ‘बताता’ म्हणतात. कोबीला ‘कोव्ह’, साबणाला ‘साबांव’, किल्लीला ‘शाव्ह’. त्याचीच आपण चावी केली. आपली परात तिथे ‘प्रातु’ होऊन ताटाचे काम करते, आणि बालदी ‘बाल्दे’ या नावाने कोपऱ्यात उभी असते. पहिल्याच दिवशी पाववालीपुढे सौ.ने नुसते “पाव” म्हटले आणि बाईने मुकाट्याने चार पाव बांधून दिले. शब्द जरा नाकातून काढला की तो पोर्तुगीज होतो, एवढेच व्याकरण आम्ही त्या दिवशी शिकलो.

हे सगळे शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आले. मी रोज संध्याकाळी सौ.ला त्या दिवसाची आवक वाचून दाखवीत असे. एका संकष्टीला तर मी तिच्या ताटाचेच परीक्षण केले. बटाटा अमेरिका खंडातला, मिरची तिथलीच, शेंगदाणा तिथलाच, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिथलाच. कोलंबसाच्या आधी हे ताट कोणी पाहिलेले नाही!

“म्हणजे माझा उपास मोडला म्हणायचा की काय?” ती म्हणाली.

“तसं नव्हे गं...”

“मग जेवू द्या की सुखानं.”

या ठिकाणी आमच्या घराची थोडी हकिगत सांगायला हवी. मी मालवणचा, सौ. सदाशिव पेठेतली. मला मासे लागतात, तिला ते दिसलेलेही चालत नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा सासूबाईंनी मोठ्या काळजीने विचारले होते, “तुमच्याकडे म्हणे रोज पेज पितात? आमच्याकडे ती आजाऱ्याला देतात हो.” आमची उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ, तोंडी लावायला खोबऱ्याची चटणी, हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते फारसे पटले नसावे. पण पुढे मी जेव्हा जेव्हा पुण्यातल्या त्या घरी गेलो, तेव्हा तेव्हा पानात आधी एक वाटी यायची आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “जावईबापूंची पेज वाढली का गं?” असो.

लिस्बन हे सात टेकड्यांचे शहर म्हणून मिरवते. आमचे बिऱ्हाड ग्रासा नावाच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर होते. खालून पिवळी ट्राम कुरकुरत चढायची. चौथ्या मजल्यावर काळी वस्त्रे ल्यालेल्या एक विधवा आजी एकट्याच राहत. आम्ही त्यांना आजीच म्हणत असू, आणि त्यांनाही ते नाव आवडले होते. त्यांच्यासंबंधी पुढे सांगतो.

आमच्या भाषाभ्यासाची पहिली फजिती एका लहानशा खाणावळीत झाली. फळ्यावर खडूने लिहिले होते, ‘पेरू नु फोर्नु’. मी सौ.ला म्हणालो, “हा घे शाकाहारी पदार्थ! भट्टीत भाजलेला पेरू.” तिला कल्पना आवडली. पेरूची कोशिंबीर होते, जेली होते, मग भाजलेला का नसावा? दहा मिनिटांनी ताट आले. तिने काट्याने थोडे टोचून पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, या पेरूला हाडं आहेत.”

पोर्तुगीज भाषेत पेरू म्हणजे टर्की नावाचा पक्षी. तो अमेरिकेतून आला, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाचे नाव दिले. इंग्रजांनी त्यालाच तुर्कस्तानचे दिले. पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा! आपला पेरू हा त्यांच्या ‘पेरा’ म्हणजे नासपतीच्या नावावरून आला असे मानतात, आणि खऱ्या पेरूला ते म्हणतात ‘गोयाबा’. हे सगळे मी त्या मेजावर बसून उत्साहाने समजावून सांगितले. पक्षी मी खाल्ला. सौ.ने पाव खाल्ला.

त्यानंतर खाणावळीतले बोलणे तिने स्वतःकडे घेतले. त्या लोकांचे ‘काल्दु व्हेर्द’ नावाचे सार फार चांगले असते. बटाट्याच्या दाट रश्श्यात गडद हिरव्या कोबीची पाने केसाइतकी बारीक चिरून घालतात. वर मात्र डुकराच्या सॉसेजची एक चकती तरंगत असते. “मांस नको” असे सौ.ने सांगितले की मालक मोठ्या आदराने चमच्याने ती चकती उचली आणि बशी पुन्हा पुढे ठेवी. झाले शाकाहारी! शेवटी आम्ही घरीच ते सार करू लागलो. बेसन, कढीपत्ता, साबुदाणा हे सारे मार्तिं मोनीज नावाच्या चौकाजवळच्या बांगलादेशी आणि नेपाळी दुकानांत मिळे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही हिंडत असू. तेजू नदीच्या काठी बेलेंला व्हास्को द गामाची कबर आहे. तिच्यापुढे हात जोडावेत की जाब विचारावा हे न कळून आम्ही शेजारच्या दुकानात गेलो. 1837 सालापासून तिथे एक गोड पदार्थ विकतात. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाचे दाट कस्टर्ड, वरून किंचित करपवलेले. आमच्या सौ.ला केकमधले अंडे चालते, ताटातले चालत नाही. त्यामुळे अडचण आली नाही. तिथल्या मठांतल्या जोगिणी अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरीत, आणि उरलेल्या बलकाचे काय करायचे म्हणून ही सारी मिठाई निघाली असे सांगतात. “म्हणजे आपली कांजी!” सौ. म्हणाली. सासूबाई सुती लुगड्यांना भाताची कांजी करीत, ते तिला आठवले. ‘कांजी’ त्यांच्याकडची नसल्यामुळे मी ती वहीत लिहिली नाही.

एव्होऱ्याला शिळ्या पावाचे जेवण जेवलो. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर ठेचायची, ऑलिव्हचे तेल घालायचे, उकळते पाणी ओतायचे आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे. कोथिंबिरीच्या वासाने सौ.चे डोळेच उजळले. “हा तर कुस्कराच की हो!” दारिद्र्यात बाईमाणूस शिळ्या अन्नाचे काय करते, याचे उत्तर पुण्यात आणि एव्होऱ्यात एकच निघाले. नाझारेच्या वाळूवर बायका चिरलेले मासे जाळीच्या चौकटींवर वाळत घालताना पाहिल्या. सौ.ने नाकाला रुमाल लावला, आणि मी मात्र वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मालवणचा किनारा सोडून मला पंचवीस वर्षे झाली होती.

त्या वर्षी दिवाळीत सौ.ने बेसनाचे लाडू केले आणि एक ताटली वरच्या आजींना नेऊन दिली. सोबत आम्हांला येत असलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत पेरूची कथाही सांगितली. आजी डोळे पुसपुसून हसल्या. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली ती भरून. शरद ऋतूत तिथे ‘मार्मेलु’ नावाचे आंबट फळ येते. ते साखरेत आटवून वडीसारखी ‘मार्मेलादा’ करतात, ती होती. भांडे रिकामे परत करू नये, हे त्यांना कोणी सांगितले असेल?

2023 च्या जानेवारीत, रात्री दोन वाजता, फोन वाजला. पुण्यात सकाळचे साडेसात झाले होते. सासूबाई गेल्या होत्या. आजार नाही, काही नाही. चहाचे आधण ठेवता ठेवता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

आम्हांला निघता आले नाही. आमच्या रहिवासाचे कागद एका सरकारी कचेरीत महिनोन् महिने अडकले होते आणि ते हाती आल्याशिवाय देश सोडला, तर परत येणे अवघड होते. मी म्हणालो, “तू जा. नोकरीचं बघू.” ती म्हणाली, “जाऊन कोणाला भेटू?” विमानाने गेलो असतो तरी वेळेवर पोचणार नव्हतोच. तिने आईला शेवटचे पाहिले ते हातातल्या फोनच्या काचेवर. मेव्हण्याने फोन धरला होता आणि त्याचा हात कापत होता.

तीन दिवस ती खिडकीपाशी बसून होती. बाहेर पाऊस, घरात थंडी. तिथल्या जुन्या घरांत ऊब अशी नसते. ती रडत नव्हती, आणि जेवतही नव्हती. मी वरण-भात केला, तो तसाच राहिला. आपल्याकडे ज्या घरात असे होते, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भात आणून देतात आणि “दोन घास खा” म्हणून बसून राहतात. इथे कोण येणार? मी, शब्दांचा संग्राहक, तिला सांगायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता.

तिसऱ्या दिवशी जिन्यात आजी भेटल्या. “बाईसाहेब दिसल्या नाहीत?” असे काहीसे त्यांनी विचारले. मी एवढेच सांगू शकलो, की तिची ‘मांय’ गेली. आईला ते लोक असेच म्हणतात. या साम्यावर मी एरवी पानभर टिपण लिहिले असते.

संध्याकाळी दार वाजले. आजी दोन्ही हातांत निळ्या काठाचे चिनी मातीचे खोलगट भांडे धरून उभ्या. चौथ्या मजल्यावरून एकेक पायरी मोजत उतरल्या होत्या. मला बाजूला सारून त्या सरळ आत गेल्या, सौ.च्या शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, “कांजा.” मग तर्जनी हलवून, मोठ्याने, बहिऱ्याला सांगावे तसे, “कोंबडी नाही! पेरू नाही!”

भांड्यात पातळ, वाफाळलेला, शिजून विरघळत आलेला तांदूळ होता. त्यात मीठ, लिंबाची एक चकती आणि पुदिन्याचे एक पान. तिथे ही कोंबडीच्या पाण्यात करतात आणि आजाऱ्याला, बाळंतिणीला, दुखवट्यातल्या माणसाला देतात. आजींनी गाजर-कांद्याच्या पाण्यात केली होती. त्यांनी एक चमचा भरून सौ.च्या ओठांशी नेला. “मिन्या फील्या,” म्हणाल्या. माझ्या मुली.

सौ.ने घास घेतला. थोडा वेळ तोंडात धरला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “अहो, ही तर पेज आहे.” आणि मग ती तीन दिवसांचे रडली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या आणि मध्येमध्ये चमचा पुढे करीत राहिल्या. भांडे संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

रात्री मी पुस्तके उलटली. ‘कांजा’ म्हणजे आपली कांजीच. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला. मुंबई बेट पुढे ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, तोच हा. त्याचे औषधींवरचे पुस्तक 1563 साली गोव्यात छापले गेले. पटकीच्या रोग्याला तांदळाचे पाणी मिरी आणि जिरे घालून देतात, त्याला कांजी म्हणतात, हे त्याने त्यात नोंदवून ठेवले आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कोणा ना कोणा बाईने ती पहिल्यांदा एखाद्या आजारी परक्या माणसाला पाजली असेल. तो बरा झाला असेल, आणि गलबतात बसताना शब्द बरोबर घेऊन गेला असेल.

वर्षभर मी वहीत लिहीत होतो ते सगळे त्यांच्याकडून आलेले. आपल्याकडून काय गेले, याचा रकाना मी आखलाच नव्हता. त्या रात्री आखला आणि त्यात पहिला शब्द लिहिला. ‘मांय’ मात्र कुठल्याच रकान्यात लिहिला नाही. भाषाशास्त्राने तो कुठेही बसवावा. माझी हरकत नाही.

तेराव्या दिवशी सौ.ने गव्हल्यांची खीर केली आणि ते निळ्या काठाचे भांडे भरून वर नेले. पुढे ते भांडे दीड वर्ष तसेच वर-खाली करीत राहिले. कधी खीर, कधी भाजलेली कास्तान्ये, कधी उपमा, कधी त्यांचा भात. 2024 च्या सप्टेंबरात आम्ही निघालो, त्या दिवशी भांडे आमच्याकडे होते. सौ. द्यायला गेली, तर आजींनी ते पुन्हा तिच्याच हातात ठेवले. त्यात मार्मेलादाच्या वड्या होत्या.

वड्या केव्हाच संपल्या. भांडे आमच्या फळीवर, सासूबाईंच्या तसबिरीखाली आहे. यंदाही फराळाचे पहिले लाडू त्यातच पडतील, मग ते डब्यात भरून लिस्बनला जातील. भांडे मात्र टपालाने पाठवायचे नाही, असे सौ.ने ठरवले आहे. ते भरून, हाताने नेऊन द्यायचे आहे. आजी आता शहाऐंशीच्या आहेत. मी रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. याही वेळी बिनपगारीच.