उपग्रहाला न दिसणारं रान

निसर्गचित्र म्हटलं की डोंगर, धुकं, सूर्यास्त डोळ्यांपुढे येतात. त्यात राजकारण कुठलं? पण रॉबर्ट अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचं २००५ सालचं ‘टर्निंग बॅक’ हे पुस्तक पाहिल्यावर निसर्गचित्रही साक्ष देऊ शकतं, हे मला पटलं.

ही कृष्णधवल छायाचित्रं अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याकडची. शतकानुशतकं उभी असलेली झाडं तिथे सरसकट तोडली गेली. त्या जागी एकाच वयाची झाडं लावायची आणि काही दशकांत तीही तोडायची, असा लाकडाचा धंदा चालतो. अ‍ॅडम्स थेट उरलेल्या बुंध्यांजवळ जाऊन उभे राहतात.

कुठून पाहतो यावर बरंच अवलंबून असतं. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजतं. किमान एक हेक्टर जागेवर झाडांची दाटी १० टक्क्यांहून जास्त असली की झालं. मग तिथे मोह असो, निलगिरी असो की आमराई! महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे मिश्र जंगल तोडून सागाची लागवड झाली. उपग्रहाला दोन्ही हिरवंच. मोहफुलं, चारोळी, कंद, सरपण हे बाईच्या हाताला लागणारं रान मात्र त्या मोजणीत येतच नाही.

ब्राझीलमधल्या शेतकरी बायका निलगिरीच्या लागवडीला ‘हिरवं वाळवंट’ म्हणतात. ८ मार्च २००६ रोजी, महिला दिनीच, त्यांतल्या सुमारे २,००० जणी कागदाचा लगदा बनवणाऱ्या आराक्रूझ कंपनीच्या रोपवाटिकेत शिरल्या आणि त्यांनी निलगिरीची रोपं नष्ट केली.

बुंधा कॅमेऱ्यात येतो. त्या झाडाखालून घरी काय यायचं, हे तिथे रोज जाणारी बाईच सांगू शकते. म्हणून जंगलभागात काम करणाऱ्या मैत्रिणींना एक सुचवते. लागवडीचे फोटो काढा. झाडाच्या बुडाशी, जमिनीचे, दरवर्षी त्याच जागेवरून. मागे तारीख आणि जागा लिहा. सोबत गावातल्या म्हाताऱ्या बायकांचं सांगणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनुसार, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून धरलं जातं. गावाच्या सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभा बसेल, तेव्हा हे कागद आपल्या हातात असायला हवेत.