औषधाच्या दुकानातील वही

आपल्या संघातील कित्येक घरांची पुढील पिढी धान्य-किराणा सोडून औषधविक्रीत शिरली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या तरुण मंडळींची एक तक्रार वारंवार कानी येते : ‘‘काका, माल विकण्यापेक्षा नोंदी लिहिण्यातच दिवस जातो.’’ ही तक्रार मला पटत नाही.

नियम काय आहेत ते पाहू. १९४० च्या औषध कायद्याखालील नियमावलीत १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ ही अनुसूची अमलात आली. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रॅमाडॉल ही सवय लावणारी औषधे आणि काही प्रतिजैविके तीत येतात. विक्रीच्या वेळी डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण वेगळ्या वहीत लिहावयाचे व ती वही तीन वर्षे जपावयाची. ‘एक्स’ अनुसूचीतील मालास तर स्वतंत्र कुलूपबंद कपाट हवे. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, आणि त्यांतील एक दुकानदाराने दोन वर्षे ठेवावी. बस्स, इतकेच! जून २०२३ मध्ये केंद्राने गव्हाच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्यास ३००० टनांची मर्यादा घातली, तेव्हा आम्ही धान्यवाल्यांनीही साठा कळविलाच. ज्यांच्या आजोबांनी पै-पैचा मेळ लागल्याखेरीज दिवा मालवला नाही, त्यांच्या नातवांस चार रकाने जड व्हावेत काय? खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मागील दाराने देणाऱ्यासच ही वही नकोशी वाटते.

मात्र याहून मोठा दोष दुसराच आहे. वहीची कटकट नको म्हणून कित्येक दुकानदार असा माल ठेवीतच नाहीत. यात कायदा पाळल्यासारखे दिसते. हाल मात्र रुग्णाचे होतात. आपल्या माळव्यातच पहा. नीमच-मंदसौरचा शेतकरी सरकारी पट्ट्यावर अफू पिकवतो. मुख्यालय ग्वाल्हेरला असलेल्या नार्कोटिक्स ब्यूरोकडे ती तोलून देतो. नीमचच्याच सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फीन निघते. आणि त्याच मुलखातील कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाच्या मुलाने चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी हिंडावे, ही कोणत्या व्यापाराची रीत?

या भीतीस कारण होते, हे मान्य केले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती आणि परवान्यांचे नियम प्रत्येक राज्यात निराळे होते. दुकानांनी व रुग्णालयांनी मॉर्फीनशी संबंधच तोडला. पुढे २००१ मध्ये मालाच्या परिमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन आदी सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविली, आणि पुढील नियमांनुसार रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कायदा बदलला, दुकानदाराचे मन तेथेच अडकले आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या औषधविक्रेत्या सदस्यांपैकी निदान दोघा-तिघांनी आवश्यक ते परवाने काढून हा माल नियमाने ठेवावा. संघाने औषध निरीक्षकांस बोलावून वही कशी लिहावी हे तरुणांस एकदा समजावून द्यावे, आणि त्या दुकानांची यादी शहरातील रुग्णालयांस कळवावी. कुलपाच्या कपाटांचा खर्च अडत असेल, तर पहिली वर्गणी माझ्या पेढीच्या नावे मांडावी.