हेस्टिंग्जच्या ऑपरेटरने जपलेली रिळे

यंदाच्या अंकात नावाजलेल्या चित्रपटांपेक्षा हरवलेल्या चित्रपटांना अधिक पाने दिली आहेत. त्यामागचे कारण सांगायला एकच मूकपट पुरेसा आहे.

जॉन फोर्डचा ‘अपस्ट्रीम’ १९२७ सालचा. रंगमंचावर पोट भरणारी माणसे एका बोर्डिंगात राहतात. त्यांत चाकूफेक करणारा आहे, त्याची जोडीदारीण आहे आणि नामांकित नटघराण्यातला एक सुमार नट आहे. केवळ आडनावामुळे या नटाला लंडनमध्ये हॅम्लेट करायला मिळतो. बोर्डिंगातला एक म्हातारा नट त्याला ती भूमिका शिकवतो. प्रयोग गाजतो, आणि शिष्य गुरूला विसरतो. प्रेक्षक हसत असतानाच त्याच्या घशात आवंढा यावा, अशी ही गोष्ट.

हा चित्रपट कित्येक दशके नष्ट झाला असेच मानले जात होते. २००९ मध्ये तो सापडला न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहालयात! अमेरिकी चित्रपटांच्या प्रती फिरत फिरत अखेर न्यूझीलंडला पोचत. परत पाठवण्याचा खर्च परवडत नसे, म्हणून त्या नष्ट करायच्या, असा रिवाज होता. हेस्टिंग्ज गावातल्या जॅक मर्टाघ या प्रोजेक्टर ऑपरेटरने मात्र अशी रिळे जपली. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते, हे ठाऊक असूनही जपली. १९८९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती संग्रहालयात आली.

डेव्हिड पिअर्स यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात १४ टक्केच उरले आहेत. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारच राहिला नाही. फिल्ममधली चांदी काढण्यासाठीही कितीतरी रिळे गेली. संग्राहक अशा हसऱ्या-रडव्या मूकपटांसाठी जीव टाकतात तो केवळ दुर्मीळतेपायी नव्हे. थकलेले भाडे, जेवणाच्या टेबलावरची कुरबुर, उसना रुबाब हे सारे भव्य पौराणिक देखाव्यांत सापडत नाही. त्या काळची साधी माणसे कशी जगत, हे या चित्रपटांत दिसते, आणि माझ्या मते तेच त्यांचे खरे मोल आहे.

आपल्याकडे तर सुमारे १३०० मूकपटांतले जेमतेम तीसेक, तेही अनेकदा तुकड्यांत, उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर गावोगाव हिंडले, म्हणून तेवढे तरी दिसतात. वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर जुने रीळ, पोस्टर किंवा चित्रपटाची पुस्तिका सापडली, तर भंगारात देऊ नका. रीळ उन्हापासून आणि दिव्यांपासून दूर ठेवा, उलगडू नका, आणि पुण्याच्या संग्रहालयाला आधी कळवा.