प्रिंटर घेण्याआधी पानं मोजा

जून लागला की गोंदियातल्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, पासबुक. प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. ही गर्दी ओसरते तोवर धानविक्रीची नोंदणी येते आणि सातबारा, आधार घेऊन पुन्हा रांग. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या गावातून दोन पानांसाठी तालुक्याला यायचं तर बसभाडं जातंच, अर्धा दिवसही जातो. म्हणून घरोघरी विचार सुरू होतो: एक प्रिंटर घेऊन टाकू या का? जरूर घ्या, पण आधी घरची पानं मोजा.

एक महिना वहीत टिपून ठेवा: किती पानं काढली, किती पैसे दिले, जाण्यायेण्याला किती लागले. मग हिशेब मांडा. समजा, प्रिंटर १२,००० रुपयांचा आहे. बाहेर पानाला ५ रुपये पडतात आणि घरी कागद-शाई धरून १ रुपया. पानामागे ४ रुपये वाचले, म्हणजे ३,००० पानं झाल्यावर पैसे वसूल. महिन्याला शंभर पानं लागत असतील तर अडीच वर्षं. वीसच लागत असतील तर साडेबारा वर्षं! अशा घराने प्रिंटर घेऊ नये. त्यापेक्षा गल्लीतल्या तीन-चार घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक घ्यावा.

तीन-चार हजारांच्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरला भुलू नका. त्यातल्या कित्येकांचं छोटं कार्ट्रिज शे-दीडशे पानांत संपतं. ते ८०० रुपयांना पडलं तर नुसती शाईच पानाला ५ ते ८ रुपये खाते. टाकीत बाटलीने शाई भरायचा प्रिंटर घ्यायला महाग, पण चालवायला स्वस्त. एप्सनच्या एल ३२१० आणि एल ३२५० या मॉडेलांना लागणारी ६५ मिलीची काळी बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं देते. हा आकडा साध्या मजकुराच्या पानांचा आहे. फोटो काढले की शाई लवकर उतरते. पहिली बाटली नळ्या भरण्यातही खर्च होते, तेव्हा ती कमी पानं देईल.

आता कोणी फारसं सांगत नाही ती गोष्ट. गेल्या पावसाळ्यात भाचीच्या शिष्यवृत्तीची कागदं मी घरीच छापली. पिशवीत पाण्याचे चार थेंब गेले आणि नावावरची काळी अक्षरं पसरून जांभळट डाग झाला. सगळं पुन्हा छापावं लागलं. काळी शाई दोन जातींची असते. डायची शाई पाण्याने पसरते, पिग्मेंटची बरीच टिकते. वर सांगितलेल्या दोन्ही एप्सनमध्ये चारही रंग डायचे आहेत. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० मध्ये काळी शाई पिग्मेंटची आहे. घरात दाखले आणि अर्जच जास्त निघत असतील तर पिग्मेंटची काळी बघा. दुकानातच एक पान काढायला लावा, ते वाळलं की ओलं बोट फिरवा. उत्तर डोळ्यांसमोर येईल.

दुकानदाराला आणखी तीन गोष्टी विचारा. स्कॅनरच्या काचेवर लीगल कागद पूर्ण मावतो का? बहुतेक घरगुती यंत्रांची काच ए-४ चीच असते. स्टॅम्प पेपर त्यात अपुरा येतो. मोबाईलवरून छापायचं असेल तर वाय-फाय आहे का? एल ३२१० मध्ये ते नाही, एल ३२५० मध्ये आहे. आणि बिघडल्यावर माणूस आमच्या पिनकोडवर घरी येईल का? देवरीहून शाईने भरलेलं यंत्र बसमध्ये घालून नागपूरला नेणं परवडत नाही. वाटेत ते कलंडलं तर शाई सांडते.

घेतल्यावर जपाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. प्रिंटर महिनाभर पडून राहिला तर शाई वाळून हेडची छिद्रं बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा. भिंतीवरचं आधी बंद केलं तर शाईचं हेड झाकलं जात नाही. हेड क्लीनिंग वारंवार करू नका, त्यात शाई फुकट जाते. टाकी खालच्या रेघेखाली उतरू देऊ नका. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

वही आजच काढा. महिनाअखेरीला तीच सांगेल, प्रिंटर तुमच्या घरी हवा की गल्लीत एक पुरे.